लिनक्सवर मुरलेल्या मंडळींना खुलं पत्र: आधी त्याचा पेनड्राइव्ह तरी बूट होऊ द्या

नमस्कार मंडळी,

ज्यांना दुसऱ्याचा जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप बघितला की हात शिवशिवतात, ज्यांच्या झाकणावर पेंग्विनचा स्टिकर आहे आणि जे कुठल्याही गप्पांत पाचव्या मिनिटाला कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर येतात, त्या सगळ्यांना हे पत्र. मीपण त्यातलाच. सुरुवातीपासून नाही, पण गेली सहा-सात वर्षं रोजचं काम लिनक्सवरच (विंडोजऐवजी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) चालतंय माझं, त्यामुळे बाहेरचा म्हणून बोलत नाहीये, घरातलाच म्हणून कुरकुरतोय.

पत्र आत्ताच का, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची एक सोय) लागतं, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचाच लागतो (इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून), त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन एका तारखेला म्हातारी ठरली. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकलेली, सगळं ठीक, फक्त अपडेट मिळणार नाही. मग ही माणसं विचारत विचारत आपल्यापर्यंत येतात, की लिनक्स कसं सुरू करायचं. यात ज्यांना कॉम्प्युटरची आवड नाही अशी माणसं खूप आहेत, हे लक्षात घ्या. त्यांना फक्त आपला लॅपटॉप फेकायचा नाहीये.

आणि आपण काय करतो? आपण सुटतो.

लिनक्सचे तयार प्रकार अनेक आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. एक म्हणतो मिंट. दुसरा म्हणतो मिंट कशाला, सरळ फेडोरा टाक. तिसरा म्हणतो डेबियन, दगड आहे दगड. चौथा आर्चवाला, तो न बोलावताच येतो. पाचवा म्हणतो सिस्टिमडी (मशीन सुरू होताना बाकीचं सगळं चालू करणारा भाग) असलेलं काहीच घेऊ नकोस. सहावा म्हणतो आधी लिनक्स म्हणणं बंद कर, ग्नू-लिनक्स म्हण. मग चौथा आणि सहावा भांडतात आणि तो बिचारा प्रश्न विचारणारा मधल्या मध्ये गायब. आणि या सगळ्या गदारोळात लॅपटॉप कुठला, रॅम किती, त्यावर तुम्ही दिवसभर करता काय, हे एकानेही विचारलेलं नसतं. डॉक्टरने पेशंटला आत यायच्या आधीच गोळ्या लिहून द्याव्यात तसं.

नावाचा वाद खोटा नाही, हे मलाही माहितीये. रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये कर्नल आणलं, दोन्ही एकत्र आल्यावरच आपण जे वापरतो ते उभं राहिलं. श्रेय द्यायलाच हवं. पण ज्या माणसाचा पेनड्राइव्ह अजून बूट होत नाहीये, म्हणजे त्यावरून मशीन सुरूच होत नाहीये, त्याला हे ऐकवून काय होणारे? त्याला एफ१२ दाबायचं की एफ२ की एस्केप, एवढंच हवंय आत्ता.

माझं स्वतःचं सांगतो. मी पहिल्यांदा लिनक्स टाकायचं ठरवलं तेव्हा तीन जणांना विचारलं आणि पाच डिस्ट्रोंची नावं मिळाली. त्यातली एक घेतली, इन्स्टॉलर सुरू झाला, एका पानावर विचारलं की डिस्क पूर्ण पुसून इन्स्टॉल करू का, मी म्हटलं डिस्क म्हणजे पेनड्राइव्हच असणार, नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो. दोन वर्षांचे फोटो गेले. चूक माझीच, इन्स्टॉलरने स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही, मान्य. पण ज्या तिघांनी डेस्कटॉप कुठला सुंदर आणि पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं टूल) कुठला फास्ट यावर माझा अख्खा दुपारचा वेळ घेतला, त्यातल्या एकाच्याही तोंडून "आधी तुझ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर" एवढं वाक्य आलं नाही. आणि खरं सांगू का, पुढे दोन-तीन वर्षांनी मी एका मित्राला मदत केली तेव्हा माझ्याही तोंडून ते आलं नव्हतं. नशिबाने त्याने आपणहून बॅकअप घेतला होता. मुरल्यावर माणूस विसरतोच, की आपण कुठे पडलो होतो.

मागे माझ्या आत्याच्या लॅपटॉपचा विषय निघाला आणि मी ठरवलं की यावेळी शहाण्यासारखं करायचं. आत्या भाषांतराची कामं करते, दिवसभर टायपिंग, मेल, व्हिडिओ कॉल, प्रिंट काढणं, संध्याकाळी जुनी गाणी. तिला मी डिस्ट्रोचं नावही सांगितलं नाही पहिल्या दिवशी. आधी नुसतं विचारलं, आत्या, तू या मशीनवर काय काय करतेस, सगळं सांग, अगदी फालतू वाटलं तरी. तिने सांगितलं आणि त्यातच निम्मं काम झालं. तिची एक डिजिटल सही होती, त्याचं यूएसबी टोकन, ते चालतं का हे आधी बघावं लागणार हे मला त्या गप्पांतच कळलं, नाहीतर इन्स्टॉल झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं असतं आणि तिने माझं जे केलं असतं ते जाऊ दे.

तर मंडळी, माझं मागणं एवढंच आहे की ज्या क्रमाने नवीन माणसाला अडचणी येतात त्याच क्रमाने आपण बोलू. डिस्ट्रो हा पहिला प्रश्न नाहीच मुळी. पहिला प्रश्न फाइलचा.

फाइल म्हणजे फोटो, डॉक्युमेंट, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आणि डाउनलोड फोल्डर, जिथे लोकांचं अर्ध आयुष्य पडलेलं असतं. हे सगळं दुसऱ्या डिस्कवर, आणि कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइल उघडून बघायच्या, कारण न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे नुसता विश्वास. दुसरं, जे आपल्यातले नव्याण्णव टक्के सांगायला विसरतात (टक्केवारी माझ्या मनाची, चिडून लिहितोय), ते म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की. हल्लीच्या विंडोज मशीनवर डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट केलेली असते, मालकाला पत्ताही नसतो. तुम्ही बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) बदललं, बूटचा क्रम बदलला, की पुढच्या वेळी विंडोज निळी स्क्रीन दाखवून ४८ आकडी की मागतं. ती की बहुतेक वेळा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, पण ते अकाउंट कुठल्या मेलवर, त्याचा पासवर्ड काय, हे लॅपटॉप लॉक झाल्यावर शोधत बसणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं. आधी की कागदावर उतरवायची. कागदावर, बरं का, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही.

मग पेनड्राइव्ह. आठ जीबीचा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे दोनदा सांगायचं, कारण एकदा सांगितलेलं कोणी ऐकत नाही. डिस्ट्रोची उतरवलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा एचर सारख्या टूलने लिहावी लागते, हेही आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की आपण सांगतच नाही, आणि मग तो माणूस आयएसओ ड्रॅग करून टाकतो आणि बूट होत नाही म्हणून लिनक्सला नावं ठेवतो. चेकसम तपासायचं, म्हणजे डाउनलोड अर्धवट किंवा खराब नाही ना ते बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एक गंमत जिच्यात मी स्वतः अडकलोय: टूलने काम संपवलं की कधीकधी विंडोज लगेच विचारतं, या ड्राइव्हमधलं काही वाचता येत नाहीये, फॉरमॅट करू का? विंडोजला त्यातली फाइल सिस्टिम ओळखता येत नाही म्हणून ते विचारतं, बाकी काही नाही. नवीन माणूस मदत म्हणून येस दाबतो आणि सगळं पहिल्यापासून. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू झालं की घाई करू नका, आणि त्यालाही करू देऊ नका. आपल्याला इन्स्टॉलचं बटण दाबायची इतकी घाई असते की ज्याचा लॅपटॉप आहे तो नुसता शेजारी बसलेला असतो. लाइव्ह सेशन हीच तर आपल्याकडची सगळ्यात भारी गोष्ट आहे, डिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, माइक, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतंय का (हे तर नक्कीच बघा, झोपेतून न उठणारे लॅपटॉप भरपूर आहेत), प्रिंटर सापडतोय का. आत्याकडे आम्ही पूर्ण दोन दिवस लाइव्हवरच घालवले. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं आणि रीस्टार्ट केलं की केलेली सेटिंगं पुसली जातात, हे तिला आधी सांगितलेलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. एकदा विसरून तिने एक पान टाइप केलं आणि बंद केलं. ते गेलं. तिने मला एक वाक्य ऐकवलं जे इथे लिहिण्यासारखं नाही.

वायफायचं एक. काही चिप, विशेषतः ब्रॉडकॉमच्या जुन्या, लगेच चालत नाहीत, ड्रायव्हर नंतर घ्यावा लागतो, आणि ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट तर नाहीये. नवीन माणूस इथे हात टेकतो. त्याला एवढंच सांगा की फोन केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, बहुतेक ठिकाणी लगेच नेट येतं. हे मला कळायला एक वर्ष लागलं, खोटं नाही सांगत.

आता कुठली डिस्ट्रो. मंडळी, एकच सांगा. तुमची आवडती नाही, त्याच्या उपयोगाची. आणि सगळ्यांनी मिळून एक सांगायची गरज नाही, पण एका माणसाने एकाला तरी एकच सांगावी आणि मग पुढे त्याच्या शंका आपणच निस्तराव्यात. साध्या वापराला मिंट घ्या किंवा उबुंटूचं एलटीएस (लांब सपोर्टची आवृत्ती), दोन्हीला बरीच वर्षं अपडेट मिळतात. उबुंटू एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं आणि नेहमीचा सपोर्ट पाच वर्षांचा असतो, मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हा आकडा नवीन माणसाला खरंच उपयोगाचा आहे, कारण तो आलाच आहे सपोर्ट संपला म्हणून. फेडोरा मलाही आवडतं, पण तिथे दर सहा-एक महिन्यांनी नवीन व्हर्जन आणि साधारण १३ महिन्यांत जुन्याचे अपडेट बंद, ज्याला मशीनकडे बघायचंच नाही त्याच्या मागे ही कटकट कशाला. डेबियनवर आता वायफायचं फर्मवेअर (चिपला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, २०२३ च्या डेबियन १२ पासून, तेव्हा त्याबद्दलच्या जुन्या भीतीच्या गोष्टी आपण सांगणं थांबवूया. आर्चबद्दल मी काही बोलत नाही, आर्चवाले बोलतातच.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीवर, तर एक ओळ पुरे: खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू असं सवयीचं हवं असेल तर सिनॅमन किंवा केडीई, मशीन फारच जुनं असेल तर एक्सएफसीई. आणि चार जीबी रॅम असेल तर डेस्कटॉप कितीही हलका घ्या, ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले की बसणारच, हे प्रामाणिकपणे सांगा. "लिनक्स टाकलं की जुनं मशीन रॉकेट होतं" हे आपण फार पसरवलंय. हार्ड डिस्क फिरणारी असेल तर आधी एसएसडी, मग लिनक्स.

ड्युअल बूटबद्दल, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याबद्दल, माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. आपण ते फार सहज सुचवतो, "अरे दोन्ही ठेव की, काय बिघडतं". बिघडतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, म्हणजे शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलं असतं, मग लिनक्समधून डिस्कच्या त्या भागावर (पार्टिशनवर) लिहायला गेलं की फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. घड्याळ पुढेमागे होतं, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ स्थानिक समजतं आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी या पद्धतीवर ठेवलेलं असतं, एएचसीआय या साध्या पद्धतीवर नाही, आणि ते सरळ बदललं तर विंडोज उठत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर कितीतरी ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स सुरूच होईना, सुरू होतानाच्या एका सुरक्षा तपासणीत (शिमचा एसबॅट) एरर यायची. यातलं प्रत्येक आपल्याला सोडवता येतं. नवीन माणसाला नाही येत, आणि रात्री अकरा वाजता तर अजिबातच नाही. ज्याच्याकडे दुसरी डिस्क आहे त्याने दुसऱ्या डिस्कवर टाकावं, ज्याच्याकडे जुना रिकामा लॅपटॉप आहे त्याने त्यावर टाकावं, आणि ज्याला ड्युअल बूट हवंच आहे त्याला हे सगळं आधी सांगून मग मदत करावी. आत्याने विचार करून पूर्ण लिनक्सच टाक म्हणून सांगितलं, टोकन चालतंय हे लाइव्हवर बघितल्यावर. निर्णय तिचा होता, मी फक्त गप्प बसलो, जे मला जमत नाही.

इन्स्टॉल तसं वीस-पंचवीस मिनिटांत झालं. खरी मजा त्यानंतर. पहिल्या संध्याकाळी तिचा फोन, "अरे माझी सी ड्राइव्ह कुठे गेली?" आणि मला पटकन उत्तर देता येईना. आपल्याला रूट, होम, माउंट हे इतकं मुरलंय की सी ड्राइव्ह नावाची गोष्ट होती हेच आठवत नाही. मग म्हटलं, आत्या, इथे वेगवेगळी घरं नाहीत, एकच मोठा वाडा आहे, त्यात होम नावाच्या दालनात तुझ्या नावाची एक खोली आहे, तुझं सगळं तिथे, बाकीच्या खोल्यांत तुला जायचं कारणच नाही, आणि तू पेनड्राइव्ह लावलास की त्याच वाड्यात एक खोली वाढते. हे तिला लगेच कळलं. मी जर फाइल सिस्टिम हायरार्की सुरू केली असती तर तिने फोन ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी तिने एका साइटवरून ईएक्सई फाइल उतरवली आणि डबल क्लिक करत बसली. हे प्रत्येक नवीन माणूस करतो, प्रत्येक. सॉफ्टवेअर हवं की वेबवर शोधायचं आणि उतरवायचं, ही वीस वर्षांची सवय आहे, ती एका दिवसात जाणार नाही. त्याला सांगा की फोनवर ॲप घेतोस ना स्टोअरमधून, तसंच इथे सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, आधी तिथे बघ. एपीटी, डीएनएफ, फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज या सॉफ्टवेअर बसवायच्या पद्धतींचा इतिहास आणि कोण कोणाचा शत्रू हे सगळं नंतर. स्नॅप चांगलं की वाईट यावर त्याला मत नाहीये आणि ते नसणं हा त्याचा दोष नाही.

टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, मात्र बोलायला हवं. आपण कमांड फेकतो. "ही चालव, होईल." त्याला ती काय करते माहीत नाही, तो चालवतो, कारण आपल्यावर विश्वास आहे. तिथे पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत हे कोणी सांगितलेलं नसतं, आत्याला वाटलं कीबोर्डच गेला. कॉपी करायला कंट्रोल सी दाबलं तर चालू असलेलं काम थांबतं, तिथे कंट्रोल शिफ्ट सी लागतं, हेही नाही सांगितलेलं. माझी विनंती अशी की कमांड द्यायची असेल तर सोबत एक ओळ लिहा, ती काय करणार आणि झाल्यावर काय दिसेल. एक ओळ. आणि ज्या महाभागांना नवीन माणसाला सगळी डिस्क पुसणारी कमांड "हे चालव, फास्ट होईल" म्हणून द्यायला अजून मजा वाटते, त्यांनी कृपया ते थांबवावं, त्यात विनोद नाही, कोणाचे तरी फोटो आहेत. हे मी हसत नाही लिहीत.

मॅन्युअल वाच म्हणणंही थोडं कमी करूया. मॅन पान चांगलंच असतं, मी रोज वाचतो. पण ज्याला पान कुठलं उघडायचं हेच माहीत नाही त्याला पान वाच म्हणणं म्हणजे शब्दकोश हातात देऊन पत्र लिही म्हणण्यासारखं झालं.

काय चालणार नाही हेही आपणच आधी सांगावं, लपवू नये. अडोबीचे फोटो-व्हिडिओचे प्रोग्राम लिनक्ससाठी येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस इन्स्टॉल करायला मिळत नाही, ब्राउझरमधलं चालतं, आणि लिब्रेऑफिसमध्ये डॉक्स फाइल बहुतेक वेळा नीट उघडतात पण टेबल, हेडर, मार्जिन यांची फार कसरत केलेली फाइल असेल तर हलतेच. आत्याच्या एका क्लायंटचा फॉर्म असाच हलला, तिने शेवटी पीडीएफ मागवली. गेमचं चित्र खूप बदललंय, २०१८ मध्ये व्हॉल्व कंपनीने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं टूल) आणल्यापासून तिच्या स्टीम या गेमच्या स्टोअरवरचे विंडोजचे ढीगभर गेम चालतात, पण ज्या ऑनलाइन गेममध्ये कर्नलपर्यंत शिरणारं अँटी-चीट असतं त्यातले बरेच नाहीच चालत, आणि ज्या मुलाचं सगळं मित्रमंडळ तोच एक गेम खेळतं त्याला आपण "दुसरा खेळ" म्हणणं म्हणजे कमालच. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवून ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला एक निळा मेनू येतो, त्यात ड्रायव्हरची सही मान्य करणारी की एनरोल करायची असते, काही सेकंदांत तो निघून जातो. तो मेनू येणार आहे हे आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही, नाहीतर व्हायरस आला म्हणून फोन येतो.

आपल्या लिपीचंही कोणी सांगत नाही. देवनागरी दिसायला काही अडचण येत नाही, फॉन्ट असतात, पण टाइप करायला कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) लेआउट जोडावा लागतो, आणि रोमन अक्षरं दाबून देवनागरी हवी असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टायपिंगच्या टूलमध्ये वेगळी पद्धत जोडावी लागते. आणि ज्यांच्याकडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फाइल आहेत त्यांना त्या उघडल्यावर नुसता कचरा दिसतो, तो लिनक्सचा दोष नाही, तो फॉन्ट मशीनवर नाही म्हणून. आत्याकडे अशा फाइलींचा डोंगर होता. त्या रूपांतर करून घेण्यात माझे तीन रविवार गेले.

एक गोष्ट मात्र आपण सांगायलाच हवी आणि ती आपण घाईत सोडतो. इंग्रजीत फ्री या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही अडकलेत, त्यांना बिचाऱ्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण नवीन माणसाला फुकट आहे एवढंच सांगून मोकळे होतो. मग त्याला वाटतं फुकट म्हणजे दुय्यम. त्याला सांगा की हे वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि दुसऱ्याला वाटायला मोकळीक आहे, आणि म्हणूनच कोणा एका कंपनीच्या मनात आलं म्हणून तुझं चालणारं मशीन एका तारखेला बाद होणं इथे अवघड आहे. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे मी माझ्या मैत्रिणीला पेनड्राइव्ह दिला तर चालेल? चालेल की. दिलासुद्धा तिने, आणि सोबत एक कागद, ज्यावर पहिली ओळ होती "आधी फाइल कॉपी कर".

टाइमशिफ्ट (बिघडलेली सिस्टिम मागच्या स्थितीला नेणारं टूल) लावून देताना एक खबरदारी, ते सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतं, मूळ सेटिंगमध्ये होममधल्या तुमच्या फाइल त्यात येत नाहीत. "टाइमशिफ्ट आहे ना, मग काय" म्हणून बसलेली माणसं मी बघितलीत. फाइलींचा बॅकअप वेगळा लावून द्या आणि मगच त्याच्या घरून निघा.

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, मला कल्पना आहे. माहीत असूनही आपण आधी डिस्ट्रो सांगतो, एवढीच तक्रार आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं की तुम्ही त्याला आधी विचारा, तू मशीनवर काय करतोस आणि तुझ्या फाइल अजून कुठे आहेत, मग बाकीचं भांडण आपण आपल्यात करू, मी पण येईन, सिस्टिमडीवर मलाही चिक्कार बोलायचंय.

परवा आत्याचा फोन आला होता. "ती खाली ढाल आहे ना छोटी, तिच्यावर ठिपका आलाय, अपडेट आहे म्हणते. दाबू का?"

म्हटलं दाब.

"रीस्टार्ट करायला लावेल का? माझं पान अर्ध झालंय."

म्हटलं लावलं तरी तुझं पान झाल्यावर कर, ते थांबतं. ती म्हणाली बरं, आणि फोन ठेवून पान पूर्ण करायला गेली.

तुमच्यातलाच एक,
तीन रविवार फाइली बदलत बसलेला भाचा